तीन नंबरचा आरोपी

माझ्यासारख्यानं कुणाबद्दल लिहायला बसणं हे धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि रजेच्या अर्जापलीकडे आमच्यात कुणी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण शेजारच्या काकांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं, कारण त्यांच्याइतका न्यायी माणूस अख्ख्या दिंडोशीत नाही, अगदी कोर्ट धरूनही.

काका कोर्टातच शिपाई होते. पक्षकारांची नावं पुकारणं हे त्यांचं काम. त्यांनी ‘हाजिर हो’ म्हटलं की बाहेर टपरीवरचा माणूस हातातला चहा टाकून धावायचा म्हणे. काका निवृत्त झाले, आवाज झाला नाही आणि न्यायबुद्धीही नाही. घरी आणलेल्या वांग्यांत एक किडकं निघालं आणि काकू भाजीवाल्यावर चिडल्या, तर काका म्हणतात, “वांग्याचो दोष वांग्याक, भाजीवाल्याक कित्याक?” एकदा बिल्डिंगला पाणी आलं नाही तेव्हा सगळे वॉचमनवर तुटून पडले. काकांनी आधी त्याचं म्हणणं ऐकलं, मग गच्चीवर जाऊन पाइपाला कान लावून पाइपाचंही ऐकलं.

तर अशा माणसाची गाडी मिसिंग मारू लागली. गाडी ताई, म्हणजे काकांची मुलगी, शाळेत असताना घेतलेली, तीही सेकंडहँड. गावी देवगडला फेऱ्या करून करून तिला घाटातली वळणं पाठ झाली असावीत. आता ती धापा टाकत, हिसके देत चालायची, आणि उभी असली तरी अशी फटफटायची की तिसऱ्या मजल्यावरून काकूंनी मारलेली हाक काकांपर्यंत कधीच पोचत नसे. एरवी कुणाचं काही अडलं नसतं. पण ताईचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, आणि तिला मुलुंडहून आपल्याच गाडीतून आणायचं असं काकांनी ठरवलेलं होतं.

“बाबा, मी कॅबने येते ना,” ताई फोनवर म्हणाली. “त्या गाडीत बसले तर पवईलाच बाळंत होईन.”

“माहेराक येतलंस ती बापाच्या गाडीतून. निकाल लागलो!” काकांनी फोन ठेवला.

नाक्यावरच्या मेकॅनिकनं गाडी बघून सांगितलं, “काका, भंगारात द्या.” सुनावणीशिवाय फाशी काकांना मान्य नव्हती. त्यांनी कंपाउंडमध्येच कोर्ट भरवलं. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची वायर काढायची. इंजिन आणखी लडखडलं तर तो सिलिंडर काम करत होता, म्हणजे निर्दोष. “आरोपी क्रमांक एक, हाजिर होऽ!” दोन्ही विंगांच्या खिडक्या उघडल्या. एक सुटला, दोन सुटला. तिसऱ्याची वायर काढली तरी इंजिनाला काही फरक पडला नाही. “हो बघ कामचुकार,” काका म्हणाले, पण लगेच शिक्षा नाही. त्यांनी दोनची कॉइल तीनला आणि तीनची दोनला लावून पाहिली. दोन चालतच राहिला, तीन बंदच. म्हणजे कॉइल निर्दोष. मग तीनचा प्लग नवा आणला. गाडी सुतासारखी चालली! काकांनी आनंदानं इंजिनावर नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसिंग.

नारळाचं सांगायला हवं. दर अमावास्येला, आणि हल्ली तर दर दोन दिवसांनी, काका बॉनेट उघडून गाऱ्हाणं घालत. “बा देवा म्हाराजा, माझ्या ह्या गाडीत काय दोष आसात तो दूर कर, आणि लेकीक सुखरूप माहेराक येऊ दी रे म्हाराजा!” आम्ही जमलेले सगळे म्हणायचो, “व्हय म्हाराजा!” मग नारळाचं पाणी इंजिनावर. काकू वरून विचारायच्या, “देवाला तरी येते का गाडी दुरुस्त करता?”

एका सकाळी काकांना बॉनेटवर मुंग्यांची रांग दिसली. साक्षीदार मानून ते तिच्या मागे मागे गेले. रांग थेट तीन नंबरच्या कॉइलखाली शिरत होती. कॉइल उपसली तर तिचं रबर चिरलेलं आणि बूड चिकट. काकांनी ते नाकाशी नेलं.

“नारळ,” ते म्हणाले. “जितक्या गाऱ्हाणा घातलंय, तितक्या पाणी आत गेला. फिर्यादीच आरोपी रे!”

शिक्षा त्यांनी स्वतःच सुनावली. यापुढे नारळ टायरपुढे फोडायचा, बॉनेट बंद करून. कॉइलखालचा प्लगचा खड्डा पुसून कोरडा केला, नवं रबर बसवलं. रविवारी ताईला आणायचं ठरलं. मागच्या सीटवर काकूंची जुनी साडी अंथरली, टेकायला उशी ठेवली.

शनिवारी सकाळी काकांनी गाडी सुरू केली. इंजिन इतकं शांत चाललं की चालू आहे हे हात ठेवूनच कळावं. तेवढ्यात वरून काकूंची हाक आली, काकांच्याच चालीत, “अहो आजोबा, हाजिर होऽ! मुलुंडहून फोन आलाय. पहाटे मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत!”

आयुष्यभर दुसऱ्यांना पुकारणाऱ्या माणसाला कुणी पुकारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. काका बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग मागच्या सीटवरच्या उशीकडे बघून म्हणाले, “उशीर झालो रे.”

मी चाचरत म्हटलं, “काका, आता दोघींना आणायचंय ना.”

गाऱ्हाणं नेहमी काका घालायचे, होकार आम्ही द्यायचो. त्या दिवशी काकाच अगदी हळू म्हणाले, “व्हय म्हाराजा.”