विमलमावशीचा कच्चा कोर

विमलमावशीकडे नानकटाई नेली तर ती खाण्याआधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायची. भाकरी, मडकं, उन्हात वाळवलेले सांडगे, कशालाही ती अशी टकटक करून कान लावायची. "आतून भाजलंय का बघते," म्हणायची, "वरून सगळंच छान दिसतं." माझ्या पहिल्या नानकटाईला तिने नापास केलं आणि ती खरंच आत कच्ची निघाली. वर्तकनगरला आमची दारं समोरासमोर, त्यामुळे अशा परीक्षा मला बऱ्याच द्याव्या लागल्या.

सवय कारखान्यातली. वागळे इस्टेटमध्ये लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या एका कारखान्यात ती कोर बनवायची. पंपासारखी पोकळ वस्तू ओतायची तर साच्याच्या मधोमध वाळूचा गाभा ठेवावा लागतो, तो कोर. वाळूत तेल कालवून बायका तो हाताने घडवायच्या आणि भट्टीत भाजून असाच वाजवून बघायच्या. कच्चा राहिला तर आतल्या ओलीची वाफ होते आणि लोखंडाचा तापलेला रस उसळून अंगावर येतो.

तो कारखाना आता नाही. पत्रे, क्रेन, भट्ट्या, सगळं कापून भंगारात गेलं आणि तिथे काचेची इमारत उभी राहिली. माझी नोकरी त्याच इमारतीत. मावशीला ते कळलं तेव्हा कौतुक राहिलं बाजूला, तिने विचारलं, कुठल्या बाजूला बसतेस? रस्त्याकडे, मी म्हटलं. तेव्हा तिला हायसं वाटलं. ओतकाम मागच्या बाजूला चालायचं. तिथेच दत्तू नावाच्या कामगाराचा डोळा गेला होता, आणि तो आपल्यामुळे गेला असं ती धरून बसली होती.

त्या दिवशी तिच्या धाकट्या मुलीला ताप होता, मावशीला घरी जायची घाई होती. शेवटचे कोर तिने वेळेआधीच भट्टीतून काढले आणि न वाजवताच पुढे पाठवले. संध्याकाळी रस उसळला. साच्याची वाळू ओली होती, असं दत्तूने स्वतःच साहेबांना सांगितलं. मावशी गप्प राहिली. पुढे कारखाना बंद पडला, माणसं पांगली. "जागा असती तर रोज तोंड बघून कधीतरी बोलले असते गं," ती म्हणायची. "जागाच गेली. आता कुठे उभी राहून सांगू?"

खरं सांगते, तेच तेच ऐकून मला कंटाळा यायचा, आणि मग त्या कंटाळ्याची लाज वाटायची. शेवटी गेल्या थंडीत मी दत्तूकाकांचा पत्ता शोधून काढला आणि तिला खडवलीला घेऊन गेले.

दत्तूकाका अंगणात बसले होते. मावशीने पाणीही घेतलं नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. काका मान खाली घालून ऐकत होते.

"मला माहीत होतं, ताई," ते म्हणाले. "हातात घेतला तेव्हाच कळलेलं, कोर कच्चा आहे."

"मग बसवलात कशाला?"

"रस तयार होता. दुसरा कोर येईपर्यंत थिजला असता. म्हटलं, एवढ्याने काय होतंय. डोळा मीच घालवला माझा. तुम्हाला कोराचं ठाऊकच नसेल असं वाटलं, म्हणून कधी बोललो नाही."

परत येताना स्टेशनच्या बाकावर मी आपली खुशीत म्हणाले, मावशी, सुटलीस एकदाची. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"माफी मागायला गेले होते मी," ती म्हणाली. "आता मलाच त्याला माफ करायचंय. एका शब्दाने सांगितलं असतं त्याने तेव्हा, तर माझं आयुष्य असं गेलं असतं का?" त्यानंतर तिने दत्तूकाकांचं नावही काढलं नाही. मी विषय काढला की उठून आत जायची.

उन्हाळ्यात ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी काका खडवलीहून आले, तिच्या फोटोपुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. निघताना जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"ताई माझ्याबद्दल काही बोलल्या का?"

"माफ केलं म्हणाली," मी सांगितलं.

त्यांनी डोळे पुसले आणि कठड्याला धरून सावकाश खाली गेले. मावशी तसं काहीच म्हणाली नव्हती.