मेन स्विचची राखण

गेल्या उन्हाळ्यात नळदुर्गच्या आमच्या घरी हॉलच्या छताला ट्रॅक लाइट बसवायला अणदूरचा एक वायरमन आला होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यानं मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून वायर तपासली आणि माझ्या वडिलांकडं वळला. शेती सोडल्यापासून आबांना घरात कुणी काम सांगत नव्हतं.

“आबा, तुमी इथं बोर्डापाशी बसा. कुणाला हात लावू देऊ नका.”

आबा खुर्ची ओढून बसले. तो शिडीवर उघड्या वायरी जोडत होता, तेवढ्यात माझी बायको स्वयंपाकघरातून आली. मिक्सर चालू होईना म्हणून तिनं सरळ मेन स्विचकडं हात नेला.

“थांब पोरी! माणूस वर हाय!” आबा ओरडले. तिनं दचकून हात मागं घेतला.

वायरमननं खाली एकदा पाहिलं आणि स्क्रू पिळत राहिला.

तो उतरल्यावर मी म्हणालो, “बोर्डावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावली असती तरी चाललं असतं की.”

“पाटी कोण वाचतंय, भाऊ? म्हाताऱ्या माणसाला मात्र कुणी ओलांडत न्हाय.”

मग तो आबांना म्हणाला, “करा आता चालू.”

आबांनी धोतराला पुसून दोन्ही हात कोरडे केले आणि मगच स्विच वर केला.