वगळलेल्यांचा गट

आमच्या हॉस्पिटलात तिला सगळे चुळबुळबाई म्हणतात. नाव मीच ठेवलं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही, कारण ती बाई एका जागी बसतच नाही. बोलायला आली की स्टूल ओढणार, बसणार, उठणार, माझ्या टेबलावरचं काहीतरी उचलणार आणि भलत्याच जागी ठेवणार. आंधळ्या माणसाचा कप हलवू नये, एवढी साधी अक्कल शिकल्यासवरल्या बाईला नसावी? कितीदा बोललो. "सॉरी काका," म्हणते, आणि तोच हात स्टेपलरकडे जातो.

मी इथला टेलिफोन ऑपरेटर. फोन कुठून आला, कुठली लाइन मोकळी, कोणत्या वॉर्डाला जोडायचा, ते सगळं पडद्यावर येतं आणि माझा कॉम्प्युटर ते मला कानात वाचून दाखवतो. त्या आवाजाला मी मावशी म्हणतो. मावशी इतकं भरभर बोलते की दुसऱ्या कुणाला एक अक्षर कळत नाही. मला कळतं, सवयीने. उगाच कौतुक नको. लोकांना वाटतं आंधळ्याला चार कान असतात. मला दोनच आहेत आणि त्यातल्या डाव्याला कमी ऐकू येतं.

चुळबुळबाईचं काम तळघरात. प्रोग्रामांमध्ये भोकं सापडतात, त्यांतून चोर शिरतात, म्हणून कंपन्या ती बुजवायला पॅच काढतात. कुठल्या मशीनवर कुठला पॅच कधी चढवायचा हे ती ठरवते आणि तिथूनच पाठवते. मी तिला चिडवायचो, "उंटावरून शेळ्या हाकायची नोकरी तुझी."

"हो, पण शेळी मेली की आधी मलाच धरतात, काका."

म्हणून ती सगळ्यांना एकदम पॅच देत नाही. मशीनचे गट पाडलेत. पहिल्या गटात तळघरातली, तिच्याच लोकांची. शितावरून भाताची परीक्षा. तिथे काही बिघडलं नाही तर ओपीडीच्या खिडक्या आणि बिलं. आयसीयू सगळ्यात शेवटी. एका गटाचं नीट होईपर्यंत तिच्या जिवाला चैन नाही, आणि ते झालं की पुढचा गट असतोच.

इथे आली ती केसपेपर टाइप करायला, तेही हंगामी. मुलगी तेव्हा कडेवरची होती. टाइप करता करता बिघडलेली मशीन उघडून बघायची खोड लागली. तळघरातले साहेब ओरडले आणि मग त्याच साहेबांनी तिला खाली मागून घेतलं. नवरा पोहायला शिकवतो. एकदा तिला न्यायला आला तेव्हा माझ्यापाशी गप्पा मारत थांबला होता. म्हणाला, "घरीही हेच, काका. भरल्या ताटावरून उठते. पाण्यात उतरवलं तर तरंगायला तयार नाही, नुसते हातपाय मारत राहते." पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलेली, दुसरं काय!

मागे एकदा तिच्या पॅचने माझी मावशी मुकी केली. सकाळी हेडफोन लावला तर आत चिडीचूप. फोन खणखणतायत, मी अंदाजाने बटणं दाबतोय, प्रसूतीचा फोन शवागारात जातोय, लोक माझ्या सात पिढ्या उद्धरतायत. दुपारी तिने तो पॅच काढून टाकला आणि मावशीला वाचा फुटली. पण तोवर मोठ्या साहेबांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता: माणूस हवाच कशाला? रेकॉर्ड केलेला आवाज बसवू, डॉक्टरांसाठी एक दाबा, चौकशीसाठी दोन दाबा. तो किडा तेव्हा गप्प बसला, मेला नाही. त्यानंतर मात्र मावशी एकदाही अडखळली नाही. बाईच्या हाताला यश आहे, असं मी गावभर सांगत सुटलो.

गेल्या महिन्यात ती वर आली. बसली, उठली, परत बसली. माझा कप उचलला.

"काय झालंय ते बक एकदाचं."

"काही नाही."

"मग कप खाली ठेव."

ठेवला, आणि बोलायला लागली. दुसऱ्या एका हॉस्पिटलात चोर शिरले होते. सगळी मशीन कुलूपबंद, रिपोर्ट मिळेनात, ऑपरेशनं खोळंबली. आमच्याकडे वरून हुकूम आला होता: शुक्रवारपर्यंत ज्या मशीनवर सगळे पॅच नसतील, त्याची नेटवर्कची तार काढून टाका. कुणाची गय करायची नाही.

"मग मला काय सांगतेस? माझ्यावर सगळे असतीलच."

तिचा पाय टेबलाच्या पायावर टक टक टक.

"एकही नाही," ती म्हणाली. "काही मशीनना पॅच द्यायचेच नसतात, त्यांचा एक वगळलेल्यांचा गट असतो. तुमचा आवाज बंद पडला त्या दिवशी तुमचं मशीन मी त्यात टाकलं. तात्पुरतं. मग बाहेर काढायचा धीरच झाला नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मला विचारलंस?"

"तुम्हाला परत त्रास नको म्हणून मी..."

"विचारलंस का, एवढंच सांग."

"नाही."

शाळेची सहल निघाली की मास्तर म्हणायचे, तू बस, तुला त्रास नको. भावाच्या लग्नात सगळं घर धावत होतं आणि मला खुर्ची दिली होती. तू बस. जन्मभर हेच ऐकत आलोय. या बाईने मला कधी बसा म्हटलं नव्हतं, म्हणून ती मला आवडायची. आणि तिनेही मला न सांगता खुर्ची देऊन ठेवलीच होती. राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं.

आता इकडे आड तिकडे विहीर. तुंबलेले पॅच एकदम चढवले आणि मावशी मुकी झाली, तर मोठे साहेब त्यांचं 'एक दाबा' घेऊन टपलेलेच. नाही चढवले तर तार निघणार, म्हणजे तेच.

"मी साहेबांकडे तुमच्यापुरती सूट मागते," ती म्हणाली.

"खबरदार! मला पहिल्या गटात घाल."

"काका, पहिल्या गटात जे फुटायचं ते आधी फुटतं."

"फुटू दे. उद्या फुटलं तर तुझ्या हातात वेळ आहे. शुक्रवारी तू हॉस्पिटलभर पळत असशील, तेव्हा मी तुला कुठे शोधत फिरू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पॅच चढवले. मशीन बंद झालं, सुरू झालं, परत बंद, परत सुरू. मग फोन वाजला. मावशी बोलली नाही.

मी अंदाजाने एक बटण दाबायला गेलो. तेवढ्यात स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि माझ्या चांगल्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "बाहेरचा फोन, काका. तिसरी लाइन. बायकांच्या वॉर्डाची लाइन मोकळी आहे."

ती पडदा वाचत होती. मी फोन जोडला. पुढचा आला, तोही तिने वाचला. स्वतःच्या कानाला तिने मोबाइल लावला होता. त्यावर आवाजाच्या प्रोग्रामवाल्या कंपनीशी भांडण चालू आणि मधेमधे मला लाइन सांगणं.

"फार हळू वाचतेस."

"माझ्या जिभेला मोटार नाही बसवलेली. बाहेरचा फोन. पहिली लाइन."

दारात मोठ्या साहेबांचे बूट थांबले. "हे काय चाललंय?"

"टेस्टिंग, सर. पहिला गट आहे," ती म्हणाली आणि जागची उठलीसुद्धा नाही.

"एवढ्यासाठी दोन माणसं? रेकॉर्डिंग बसवलं असतं तर..."

पहिल्या लाइनवर एक म्हातारा होता. बायको घरात पडली, शेजाऱ्यांनी तुमच्याकडे आणली, कुठे ठेवलीय काहीच माहीत नाही, आणि रडत होता. त्याच्याशी बोलून मी त्याला अपघात विभागाला जोडून दिलं आणि दाराकडे तोंड करून विचारलं, "सर, यांनी कितीचं बटण दाबायचं?"

साहेबांचे बूट वाजत दूर गेले.

दुपार कलल्यावर कंपनीने कबूल केलं की आवाजाचा प्रोग्राम जुना पडलाय, नवा घालावा लागेल. तिने तो घातला आणि कानात कुणीतरी तरुण बाई बोलायला लागली.

"ही मावशी नव्हे," मी म्हटलं. "ही मावशीची सून."

ती खदखदून हसली, मग एकदम रडलीही. मला तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून ती त्या स्टुलावरून हलली नव्हती. कप चाचपला, तर जिथल्या तिथे.

वगळलेल्यांच्या त्या गटात आणखी मशीन होती. ती वापरणाऱ्या प्रत्येकाला तिने जाऊन विचारलं, मग गट मोडला.

आता पॅच आला की सगळ्यांत आधी माझ्या मशीनवर. ती तळघरातून वर येते आणि स्टूल घेऊन शेजारी बसते. मी "सून बोलते" म्हणेपर्यंत पुढचा गट सुटत नाही. बिलं, ओपीडी, आयसीयू, मोठ्या साहेबांचं टेबल, सगळे माझ्यामागे थांबलेले. मशीन बंद होतं, कानात चिडीचूप होतं. चुळबुळबाई शेजारी अगदी स्वस्थ बसलेली असते. टेबलाच्या पायावर मात्र टक टक टक चालू असतं. तो माझा पाय.