हाली रुपयाच्या कडेवरचा कट

"अक्का, तो कट पहिल्यापासूनच होता म्हणून लिहून द्या की. तुमच्या लेटरहेडवर. दोन ओळी, बस."

फोनवर शिवराज अण्णा होते. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, काट्यावर त्याचे पैंजण होते. "बघते अण्णा, थोड्या वेळानं फोन करते," म्हणून मी फोन ठेवला. पैंजणांचं वजन मी दोनदा चुकीचं लिहिलं.

कट पहिल्यापासून नव्हता. तो मी मारला होता, आणि अण्णांना ते माहीत नव्हतं.

मी बिदरला टंच काढते. टंच म्हणजे दागिन्यात खरं सोनं किंवा खरी चांदी किती आणि भेसळ किती, ते तपासणं. मी काही विकत नाही आणि काही विकत घेत नाही. फक्त खरं की खोटं ते सांगते आणि स्लिप देते. बी.एस्सी. केमिस्ट्री करून चार वर्षं इथल्याच, बिदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. लॅब बंद पडली तेव्हा सराफ लाइनीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी मला हाताखाली घेतलं. बाईमाणूस टंच काढणार म्हणून थोडी कुजबुज झाली. उस्तादांनी ती कानामागे टाकली, मग मीही टाकली. आता उस्ताद नाहीत. त्यांचा काटा, कसोटीचा दगड आणि कानस माझ्याकडे आहेत.

उस्तादांचा एकच नियम होता, "पहले कानस, बाद में बात." चांदीची वस्तू आली की आधी कडेला कानस मारायची. त्या जागी तेजाबाचा एक थेंब, त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब. चांदी असली तर दह्यासारखं पांढरं फुटतं. नसली तर हिरवं पाणी सुटतं. आता माझ्याकडे टंचाचं मशीन आहे, पण मशीन वरवरचा थर वाचतं. तांब्यावर चांदीचा मुलामा असला तर मशीन बिनधास्त चांदी दाखवतं. म्हणून आधी कानस. त्या कानशीचा एक दात मोडलेला आहे, त्यामुळे कटाशेजारी केसाएवढी दुसरी रेघ उमटते. पंधरा वर्षांत त्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती.

शिवराज अण्णा मूळचे हुलसूरचे, कोळारला एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर. त्या फोनच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, ते आले आणि बबल रॅपची पुडी त्यांनी काउंटरवर अलगद सोडली.

"हाली रुपाया हाय, अक्का. ऑनलाइन मागवलाय. शनिवारी आला. जरा बघा."

हाली रुपया म्हणजे निजामाच्या राज्यातला चांदीचा रुपया, चारमिनारच्या छापाचा. आमच्या भागात जुन्या घरांतून अजून एखादा असतो. अण्णांच्या घरात त्याला मान होता. नवी सून उंबरा ओलांडून आली की तिच्या ओटीत पहिला तो रुपया पडायचा, मग तांदूळ, मग खोबरं. अण्णांच्या आईच्या ओटीत तोच पडला होता, बायकोच्याही. हुलसूरहून बिदरला घर हलवताना तो कुठंतरी गेला. अण्णांनी अजून आईला सांगितलं नव्हतं, आणि मुलाचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं.

"अव्वाला कळायच्या आत दुसरा डबीत ठिवायचा हाय," ते म्हणाले. तेवढ्यात गोडाऊनमधून फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

मी नाणं काट्यावर ठेवलं. स्लिप निघाली. नाणं उचललं, कडेला कानस मारली, थेंब टाकला. हिरवं.

नंतर मशीन. तांबं, निकेल, जस्त. यालाच बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणतात. नावात सिल्व्हर आहे, आत चांदीचा कणही नाही.

अण्णा परत आले. मी रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला. ते स्टुलावर बसले.

"मिनार बी बराबर हायत, फारसी बी हाय," ते म्हणाले. "फोटोत तर झिजलेला दिसायलता. खरा जुना."

त्यांच्या मोबाइलवर आम्ही दोघांनी ती जाहिरात वाचली. वर मोठ्या अक्षरांत 'निजामकालीन हाली सिक्का, ओरिजिनल'. पुढं बोटानं दाबल्यावर उघडणारा भाग, तिथं 'ओरिजिनल लुक'. त्याच्याही खाली 'सिल्व्हर फिनिश' आणि 'फोटो फक्त माहितीसाठी'. चांदी आहे असं कुठंच लिहिलं नव्हतं, आणि नाही असंही लिहिलं नव्हतं. वजनाचा रकाना मोकळा होता. फोटोतल्या नाण्याच्या एका मिनारावर ओरखडा होता. अण्णांच्या नाण्यावर तो नव्हता. कुणाच्या तरी खऱ्या नाण्याचा फोटो लावून हे विकलं होतं.

"परत पाठवा," मी म्हटलं. "सात दिवसांची मुदत आहे, शनिवारपर्यंत वेळ आहे."

ते गेले. कटाचं मी बोलले नाही. लपवलं असं नाही, मला सुचलंच नाही. सुई टोचल्याचं डॉक्टर कुठं वेगळं सांगतो? चांदी आली, कानस मारली, यात सांगण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी परतीसाठी फोटो काढले तेव्हा त्यांना कडेला कट दिसला. ते आणखी चिडले. तक्रारीत त्यांनी ठणकावून लिहिलं, 'नाणं नकली आहे, वर कापलेलं पाठवलं आहे.' विक्रेत्याचं उत्तर तासाभरात आलं. कट ताजा आहे, आतला धातू अजून चमकतो आहे, ग्राहकानं वस्तूत फेरफार केला आहे, परत घेणार नाही. शिवाय खोटी तक्रार केल्याबद्दल अण्णांचं खातं बंद करायला सांगू.

म्हणून तो फोन.

दुपारपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही. दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर काम झालं असतं. विक्रेता लबाड होताच, लबाडाला फसवण्यात कसलं पाप, असंही एकदा मनात आलं. पण मग माझी स्लिप म्हणजे काय राहिली? हळ्ळीखेडहून बायका एस.टी.नं येतात, मोडायच्या बांगड्या माझ्यासमोर ठेवतात आणि मी लिहीन ते सराफाला दाखवतात. ती एक स्लिप खोटी निघाली तर दुकानात काटा आणि दगड सोडून काही उरत नाही. आणि खरं सांगावं तर? "अक्कानं गिऱ्हाइकाचं नाणं न विचारता कापलं," हे आठ दिवसांत भालकीपर्यंत गेलं असतं. मला दोन्हीकडून भीती वाटत होती.

शेवटी शटर अर्धं ओढलं आणि ऑटोनं कोळारला गेले. फोनवर सांगायचा धीर नव्हता. अण्णा गोडाऊनच्या गेटपाशी आले. हातात रजिस्टर होतं.

"तुम्ही कामून आलाव अक्का? लिहून आणलं व्हय?"

"अण्णा, तो कट मी मारला."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"कामून?"

"सवयीनं. चांदी आली की आम्ही आधी कानसच मारतो. तुम्ही फोनवर बाहेर होता."

"मला इचारायचं तरी होतं."

"व्हय. विचारायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते रजिस्टरची पानं उगाच चाळत राहिले. मग म्हणाले, "म्या त्याला लिवलं की तुमीच कापून पाठवलाव. आता खोटा कोण झाला अक्का? त्यो का मी?"

मी नाणं मागून घेतलं आणि दुकानात आले.

तिथं फाइलमध्ये मंगळवारची वजनाची स्लिप सापडली. माझा काटा तारीख आणि वेळ छापतो. नऊ ग्रॅम एक्केचाळीस. हे कानस मारायच्या आधीचं वजन. पुन्हा वजन केलं. नऊ चाळीस. कटात जेमतेम एक सेंटिग्रॅम गेला होता. खरा हाली रुपया अकरा ग्रॅमच्या वर भरतो. मग नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात सोडलं आणि तिथंही वजन घेतलं. चांदी तांब्या-निकेलपेक्षा जड असते, म्हणून पाण्यातल्या वजनावरून आतला धातू कळतो, कट न मारता. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात हे. मंगळवारी मला ते आठवलं नव्हतं.

मी लिहिलं : 'नाण्यावरचा कट मी, टंच काढताना, मालकाला न विचारता मारला आहे. कटापूर्वीचं वजन सोबत आहे. कटामुळे एक सेंटिग्रॅम कमी झाला. खऱ्या हाली रुपयाला कमी पडणारं बाकीचं पावणेदोन ग्रॅम वजन या नाण्यात कधीच नव्हतं.' खाली सही, शिक्का आणि तिन्ही स्लिपा, पाण्यातल्या वजनाचीही.

संध्याकाळी अण्णा दुकानात आले आणि त्यांनी ते वाचलं. "हे पाठवलं की त्यो म्हननार, बघा, कबूल केलं."

"म्हणेल."

"आनि मी बी लिवायचं व्हय, की मी चुकीचं लिवलं म्हणून?"

"लिहायला लागेल, अण्णा."

मग तिथंच माझ्या काउंटरवर कोपर टेकवून त्यांनी ते लिहिलं आणि सगळं पाठवून दिलं. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. उत्तर नाही. फोन वाजला की मी आधी नंबर बघायची. शनिवारी चार वाजता कंपनीच्या कस्टमर केअरमधून बाईचा फोन आला.

"मॅडम, कट आपने लगाया?"

"हाँ, मैंने ही लगाया."

तिनं तेच पुन्हा विचारलं. बहुतेक तिच्या यादीत या उत्तरासाठी बटण नव्हतं. मग तिनं कटाआधीच्या वजनाच्या स्लिपवरची वेळ विचारली, पाण्यातल्या वजनाचं विचारलं. मी सगळं दोनदा सांगितलं. साडेपाचला अण्णांना मेसेज आला. परती मंजूर. मी नाणं परत पाठवायला बबल रॅपमध्ये गुंडाळलं.

पण खरं नाणं लग्नाआधी मिळणं आता शक्य नव्हतं. अण्णांनी आईला सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मला ठाव हाय की. हुलसूरहून आलाव त्याच दिशी डबी हातात हलकी लागली. तू कवा सांगतूस बघायलते." आणि नंतर, "आनि त्यो खोटा ओटीत घालनार होतास व्हय रे? दहाचं नाणं घाल. बाजारात चालतं तरी."

सुनेच्या ओटीत दहाचं नाणं पडलं. मी लग्नाला होते, मी पाहिलं. जेवणाच्या पंगतीत अण्णांनी मला बायकोच्या शेजारी बसवलं. एवढ्यावर मिटलं असं मी धरून चालले.

तीन आठवड्यांनी अण्णांनी मला एक लिंक पाठवली. सोबत काही लिहिलं नव्हतं.

तीच जाहिरात, दुकानाचं नाव वेगळं. या वेळी फोटो मात्र प्रामाणिक होता. आमचंच नाणं, कट पुढं करून ठेवलेलं. खाली लिहिलं होतं : 'कडेवर जुन्या सराफाची मूळ पारख-खूण. अत्यंत दुर्मिळ.' किंमत आधीपेक्षा दीडपट. मी फोटो मोठा करून पाहिला. कटाशेजारी केसाएवढी दुसरी रेघ होती.

तेच पत्र जोडून मी तक्रार केली. दोन दिवसांनी जाहिरात निघाली. दुसऱ्या नावानं पुन्हा लागली का, ते दर रविवारी शोधते.

आता कुणी नाणं आणलं तर आधी विचारते, ठेवायचंय की परत पाठवायचंय? मग पाण्यात वजन करते. कानस ड्रॉवरमध्ये असते. ऑनलाइन जुनं नाणं घेणाऱ्यांना एवढंच सांगते : फोटो बघण्याआधी वजन विचारा, आणि वजन सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि कडेला दुहेरी रेघेचा कट असलेला हाली रुपया कुठं दिसला तर तो निजामाच्या काळातला नाही. माझ्या टेबलावरचा आहे, एका मंगळवारी दुपारचा.