हाजींच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर

१९६१ साली, मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर दोह्यात आमच्या घरमालकांच्या बैठकीत चारशे रुपयांचा एक व्यवहार व्हायचा होता. हजर माणसं पाच: घरमालक हाजी, त्यांचा थोरला मुलगा, आमच्या तेल कंपनीतला एक इंग्रज इंजिनिअर, माझा मेहुणा आणि मी. त्या वेळी कतारात रुपयेच चालत. कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून मला महिना तीनशे पंचवीस मिळत. त्यावरून चारशे म्हणजे किती, ते समजावं.

विकायचं होतं एक जुनं विलायती रिव्हॉल्व्हर. हाजींचे वडील मोत्यांचे व्यापारी. दर वर्षी माल घेऊन मुंबईला जात आणि तिथल्याच एका दुकानातून त्यांनी ते घेतलं होतं. हाजी तरुणपणी त्यांच्याबरोबर जात, म्हणून त्यांची हिंदुस्थानी थेट मुंबईची होती. पुढे मोत्यांचा धंदा बसला. आता हाजींना बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबई गाठायची होती आणि इंजिनिअरला जुनी हत्यारं जमवायचा नाद होता. गाठ मी घालून दिली होती. दुभाषाही मीच.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. शिलाई मशीन, स्टोव्ह, कुलपं, जे येईल ते. रिव्हॉल्व्हरच्या घोड्याची स्प्रिंग तुटली होती, ती बसवायला हाजींनी ते दहा दिवस त्याच्याकडे दिलं होतं. परत देताना त्याने ते असं चकचकीत करून दिलं की हाजींच्या मुलाने आरशात पाहावं तसं त्यात तोंड पाहून घेतलं.

इंजिनिअरने ते हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, खिशातलं भिंग काढलं. पाच मिनिटं ते उलटसुलट करून पाहिलं. मग तो मला म्हणाला, "मला वाईट वाटतं, पण ही नक्कल आहे. वायव्य सरहद्दीकडे हाताने घासून बनवतात तसली. मी पंचवीससुद्धा देणार नाही."

हे मला भाषांतर करून सांगायचं होतं. मी शब्द न बदलता सांगितलं. हाजींनी मेहुण्याकडे पाहिलं.

"मेरे बाप का चीज किधर है?"

"हेच आहे, हाजी. अल्लाची शपथ."

"ते काळं होतं. पन्नास वर्षं काळं होतं. तुझ्याकडे गेलं आणि पांढरं झालं. आता साहेब म्हणतो खोटं. मग खरं कुठे गेलं?"

मेहुण्याचा जामीन हाजींचा मुलगाच होता. त्याच्या सहीवर मेहुणा कतारात राहत होता. मुलगा शांतपणे म्हणाला, "पुढचा शुक्रवार. तोवर खरं आणून दे. नाहीतर मी पोलिसात जाईन आणि सही काढून घेईन. खलास."

घरी आल्यावर मी दार लावलं आणि मेहुण्याला समोर बसवलं. खरं सांगायचं तर मला त्याचा संशय आला होता. रत्नागिरीला दोन बहिणींची लग्नं राहिली होती, आणि दुकानात नाना देशांची माणसं येत. मी त्याला एकेक दिवस विचारत गेलो. कधी आणलं, कुठे ठेवलं, किल्ली कोणाकडे, कोणी पाहिलं.

"तुम्ही पण मला चोर समजता, दुल्हाभाई?"

"मी काही समजत नाही. काळं होतं ते पांढरं कसं झालं, तेवढं सांग."

तो माझ्या बायकोकडे पाहू लागला. तेव्हा ती म्हणाली, "माझी आमसुलांची बरणी अर्धी झालीय. मला वाटलं, मुंग्या लागल्या म्हणून फेकली."

आमच्याकडे दर शुक्रवारी सकाळी तांब्या-पितळेची भांडी आमसुलाच्या पाण्याने घासायची रीत. आजी घाशी, आई घाशी, इथे येऊनही बायको घाशी. त्यासाठी गावाहून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर आमसुलं मागवायची. मेहुण्याला वाटलं, एवढी जुनी चीज हाजींना काळीकुट्ट कशी परत द्यायची. त्याने डेगचीत आमसुलं उकळली, गोळ्यांचं चक्र काढून त्यात टाकलं, बाकीचं मुठीला फडकं बांधून, मूठ वर ठेवून उलटं टांगलं. सकाळी काढून बारीक वाळूने घासलं. पन्नास-साठ वर्षांचा निळसर काळा मुलामा डेगचीत उतरला.

"पितळ नव्हे ते," मी म्हणालो.

"घाण वाटली मला."

"आणखी काय केलंस? सगळं सांग."

"एक स्क्रू नवा टाकला. जुन्याची खाच मोडली होती."

"जुना कुठे आहे?"

"फेकला."

बायको म्हणाली, "शाबास. उद्या माझ्या नथीला पण वाळू लाव." मेहुणा हसला नाही. मीही नाही. पण मला एवढं कळलं की चोरी करणारा माणूस अर्धी बरणी आमसुलं उकळत बसत नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी इंजिनिअरच्या खोलीवर गेलो. आमसूल म्हणजे काय, हे त्याला समजावायला वेळ लागला. शेवटी आंबट फळाची वाळवलेली साल एवढ्यावर भागवलं. मग विचारलं, "साहेब, नक्कल कशावरून ओळखली?"

तो भला माणूस होता. त्याने कपाटातून दोन रिव्हॉल्व्हरं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक विलायती, एक सरहद्दीवरची नक्कल. वरवर पाहता मला फरक दिसला नाही. त्याने दाखवला. नकलेचे कोपरे घासून गोल झालेले, अस्सलाच्या कडा धारदार. नकलेवरचे कारखान्याचे ठसे उथळ आणि पुसट, कारण ते मऊ लोखंडावर हाताने ठोकलेले. स्क्रू एकाच मापाचे नाहीत. हाजींच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याला हे तिन्ही दिसलं होतं: गोल कोपरे, पुसट ठसे, एक परका स्क्रू.

"वाळूने कोपरे गोल होतात का?" मी विचारलं.

"होतात. ठसेही पुसतात."

"मग वाळू जिथे पोचत नाही, तिथे काय पाहायचं?"

त्याने भिंग खाली ठेवलं आणि बोटांवर मोजत सांगितलं. मी चिठ्ठीवर उतरवून घेतलं. एक, मुठीच्या लाकडाखाली मूळ मुलामा राहतो आणि तिथे कारखान्याचा नंबर असतो. तोच नंबर चक्राच्या मागच्या बाजूला हवा. दोन, चक्रातली गोळ्यांची सहा घरं. कारखान्यात ती यंत्रावर पाडतात, म्हणून सहाही सारखी. हाताने पाडलेल्यात इंचाच्या शंभराव्या भागाइतकी तफावत सहज सापडते. तीन, नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा. या बनावटीत सात हव्यात. नक्कल करणारे बहुधा कमी पाडतात किंवा वरवर ओरखडतात.

"शुक्रवारी पुन्हा बघाल का?"

"बघीन. पण पाणी लाकडाखाली शिरलं असेल, तर मला काही सांगता येणार नाही."

हीच भीती होती. फडकं किती घट्ट बांधलं होतं, हे मेहुणा रोज नवं सांगत होता. मंगळवारी म्हणाला, चांगलं आवळलं होतं. बुधवारी म्हणाला, थोडं ओलं झालं होतं बहुतेक. गुरुवारी त्याने जेवण टाकलं. मी वर्कशॉपमधून रीतसर चिठ्ठी करून मोजमापाचा व्हर्नियर घेतला आणि कागदात गुंडाळून घरी आणला.

शुक्रवारी तीच पाच माणसं. हाजींनी कॉफी मागवली नाही. मी सगळ्यांना आधी सांगितलं की मेहुणा कशालाही हात लावणार नाही. तो दारापाशी बसेल. आमसुलाची गोष्टही सांगून टाकली. हाजींना आमसूल माहीत होतं. मुंबईत त्यांनी सोलकढी प्यालेली होती. ते म्हणाले, "आमटीत टाकतात ते? लोखंडावर?" मुलगा म्हणाला, "गोष्ट चांगली आहे. बघू."

इंजिनिअरने आधी नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. मोजताना त्याचे ओठ हलत होते. त्याने मला धरायला दिलं. मी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा सात आले. मग हाजींच्या मुलाने मोजलं. त्याचे सहा आले. त्याने पुन्हा मोजलं, सात आले, आणि परत दिलं.

मग चक्र. सहा घरं मी व्हर्नियरने एकेक मोजली, इंजिनिअरने आकडे लिहून घेतले. पाच घरांचा आकडा तंतोतंत जुळला. सहाव्यात इंचाच्या हजार भागांतल्या तीन भागांचा फरक आला. हाजींचा मुलगा पुढे वाकला. "फरक आहे ना?" मी म्हणालो, "आहे." खोटं कसं सांगणार? इंजिनिअरने ते घर चिंधीने पुसलं. वाळूचा कण निघाला. पुन्हा मोजलं. सहाही सारखी.

चक्रामागचा नंबर पाच आकडी होता. चार आकडे स्पष्ट. शेवटचा वाळूने इतका घासला गेला होता की तीन म्हणा, आठ म्हणा.

राहिली मूठ. लाकडाचा स्क्रू घट्ट बसला होता. इंजिनिअरने दोनदा प्रयत्न केला, स्क्रूड्रायव्हर निसटला. हाजी म्हणाले, "तोडू नका." मेहुणा दारातून म्हणाला, "तेलाचा थेंब टाका आणि आधी उलटा फिरवा, मग सुलटा." मी त्याच्यावर डोळे वटारले. इंजिनिअरने मात्र तसंच केलं आणि स्क्रू फिरला.

लाकूड सुटलं. खालच्या काठाला बोटभर पट्टा पांढरा पडला होता. पाणी तिथवर शिरलं होतं. त्याच्या वर लोखंड निळं-काळं होतं, जसं कारखान्यातून निघालं असेल तसं. त्यात नंबर, पाचही आकडे खोल आणि स्वच्छ. पहिले चार चक्रावरचेच. शेवटचा तीन. इंजिनिअरने चक्र भिंगाखाली तिरकं धरलं, हलवत राहिला, आणि म्हणाला, "तीनच आहे. आकडा डावीकडून उघडा आहे. हे अस्सल आहे. मी चुकलो."

मी भाषांतर केलं. शेवटचे दोन शब्दही केले.

हाजींनी ते लाकूड नसलेलं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि बराच वेळ त्या काळ्या जागेवर अंगठा ठेवून बसले. मुलगा म्हणाला, "पण हेच आपलं कशावरून? दुसरं अस्सल असेल."

हाजी म्हणाले, "अरे, खरं काढून दुसरं खरं कोण ठेवील? आणि वर आमसूल चोळील?" मग पहिल्यांदा कोणीतरी हसलं, ते हाजीच होते.

पण इंजिनिअर चारशे द्यायला तयार नव्हता. मुलामा गेला, ठसे पुसले, जमवणाऱ्यांच्या लेखी निम्मी किंमत गेली, आणि ती परत आणता येत नाही. तो दोनशे पन्नास म्हणाला. मी घासाघीस केली नाही, कारण तो खरं बोलत होता. हाजींनी मान डोलावली.

दीडशेची तूट आमच्यामुळे आली होती. मी म्हणालो, ती आम्ही भरू. हाजी नको म्हणाले. मी म्हणालो, "हाजी, ऑपरेशन तुमच्या घरात आहे, चूक आमच्या घरातली आहे." मेहुणा तोवर दारापाशीच होता. त्याला हाजींनी जवळ बोलावलं आणि मुलाला म्हणाले, "त्या दिवशी तू याच्यासमोर पोलिसाचं नाव घेतलंस. आता याच्यासमोरच सांग, याने चोरी केली नाही."

मुलाने सांगितलं. सही राहील, म्हणाला. मग हाजींनी विचारलं, "स्प्रिंगची मजुरी किती झाली?"

"राहू दे, हाजी."

"मी विचारलं, किती?"

"बारा."

इंजिनिअरने हाजींना दोनशे पन्नास रुपये रोख दिले. मी आणि मेहुण्याने मिळून दीडशे दिले, दरमहा पन्नास असे तीन महिने, हाजींनाच. त्या शुक्रवारी हाजींनी आपल्या हाताने, मुलासमोर आणि साहेबासमोर, बारा रुपये माझ्या मेहुण्याला दिले.