अप्पांच्या फटफटीमागं पळणारी चंद्री

आधीच सांगून टाकते, भूतखेत, भानामती, करणी यातलं मी काही मानत नाही. मी जनावरांची डॉक्टर. अडलेल्या म्हशींसाठी स्मशानाला लागून असलेल्या गोठ्यांत अवेळी गेलेय, तिथं मला कुत्र्यांशिवाय कधी कुणी भेटलेलं नाही. इथले अनुभव वाचतानाही मी निम्म्या वेळा हसते... त्यामुळे आज तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची, कोल्हापुरातली. पंचगंगेच्या काठाला अप्पा गवळ्यांचा गोठा होता. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी पळवतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. पुढं सायलेन्सर काढलेली मालकाची फटफटी आणि मागं शिंगं रंगवलेली म्हैस. मालकाच्या गाडीचा आवाज ती बरोबर ओळखते आणि त्यामागं सुसाट सुटते. अप्पांकडं म्हशींबरोबर शर्यतीची एक घोडीही होती, चंद्री. शिंगरू असल्यापासून म्हशींतच वाढलेली, त्यामुळं तीही फटफटीमागं पळायला शिकली. गाडीच्या डाव्या अंगाला, जराशी मागं, ही तिची ठरलेली जागा. कागलच्या माळावर तिनं भल्याभल्या घोड्यांना धूळ चारली होती.

मग एका शर्यतीत तिच्या पुढच्या पायाचा टेंडन फाटला – नळीच्या मागं दोरीसारखी जाड शीर असते ना, ती. त्याच महिन्यात अप्पा झोपेतच गेले. मुलगा बसवा म्हणाला, वरातीवाल्याला विकून टाकू. अप्पांची बायको, जिला सगळे अव्वा म्हणायचे, ती काही ऐकेना.

"डॉक्टरीणबाई, हिला तुझ्या हातात देतो मी," अव्वा म्हणाली. "तू पळंल म्हटलीस तर पळवू. न्हाय म्हटलीस तर मी पन नाव काढत न्हाय. मग इकू दे बसवाला."

बोलायला काय जातंय! जखमी घोडा परत मैदानात उतरवणं हे जिवाला घोर लावणारं काम आहे. 'फिट' म्हणायचं मी, आणि मी चुकले तर पाय मोडायचा तिचा. भर वेगात असा पाय मोडला की घोडा सहसा वाचत नाही. शेवटचं इंजेक्शन द्यायलाही परत मीच.

कामाला लागलो. गार पाण्याच्या पट्ट्या, मग नदीत पोटाएवढ्या पाण्यात चालवणं, मग रस्त्यावर हळूहळू दुडकी. रोज पायावर तळहात ठेवून बघायचं, कुठं गरम लागतंय का. थंडी सरेपर्यंत सूज गेली, पाय गार लागायला लागला. मी खूश!

पण चंद्री काही पळेना. दुडक्या चालीनं जायची आणि थांबायची. बसवानं स्वतःच्या मोटरसायकलचा सायलेन्सर काढून गल्ली डोक्यावर घेतली, ही आपली गवत खात उभी. मग त्यानं अप्पांची फटफटी बाहेर काढली, तर ती चालूच होईना. शेवटी तिचं इंजिन उतरवून मेकॅनिककडं दिलं आणि गोठ्यात नुसता सांगाडा उरला.

कागलची शर्यत तोंडावर आली. एका सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना, आम्ही तिघं चंद्रीला घेऊन उसाच्या कडेच्या गाडीवाटेवर उभे होतो. उसाला पाणी दिलेलं, त्यामुळं वाट ओली होती. मी 'नाही' सांगायलाच आले होते.

"अव्वा, पाय बरा झालाय. पण तिचं मनच नाही. मी हो म्हणू शकत–"

तेवढ्यात आवाज आला. फट्... फट्... फट्... सायलेन्सर काढलेल्या गाडीचा, अगदी जवळून. चंद्रीचे कान ताठ झाले. आवाज आमच्या समोरून पुढं गेला. वाटेवर कुणी नव्हतं! आणि चंद्रीनं बसवाच्या हातातला कासरा हिसकला आणि सुटली... काय सुटली म्हणून सांगू! पार वळणापर्यंत गेली आणि त्याच वेगानं परत आली.

"कोन हाय रं तिकडं?" बसवा ओरडत उसात घुसला. अव्वानं मात्र डोक्यावरचा पदर सारखा केला.

उसात कुणी नव्हतं. ओल्या वाटेवर चाकाचा एक ठसा नव्हता. चंद्रीच्या टापा होत्या, जाताना आणि येताना, दोन्ही वेळा तिच्या डाव्या हाताच्या कडेला चिकटून. सगळी वाट मोकळी असताना.

आवाज नदीवरून वाहून आला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. येईलही. पण मग तिनं उजवीकडची वाट कुणासाठी सोडली?

मी खाली बसून पायावर हात ठेवला. गार होता. पुढचे काही दिवस ती रोज पळाली, रोज पाय गार लागला, आणि मी म्हटलं, "अव्वा, पळवा."

कागलला चंद्री सुटली तेव्हा माझे डोळे फक्त तिच्या त्या पायावर होते. निम्म्या माळापर्यंत ती तिसरी होती. मग तिनं कान ताठ केले आणि पुढच्या दोघांना असं मागं टाकलं की लोक उभे राहिले. ती पहिली आली आणि मी, एवढी मोठी डॉक्टर, पोरीसारखी उड्या मारत होते, रडत होते.

गुलाल उधळत माणसं चंद्रीला चहूबाजूंनी भिडली. अव्वा गर्दीतून वाट काढत आली आणि तिच्या उजव्या अंगाला उभी राहिली.

"सरका की पावणं," ती म्हणाली. "त्यांना जागा द्या."

सगळ्यात आधी मी सरकले.