सुभेदारांचं पत्र

जुनी फ्लॉपी हाती लागली आणि साताऱ्यातलं आमचं टायपिंगचं दुकान आठवलं. एका निवृत्त सुभेदारांनी लढाईत गेलेल्या मित्राच्या आईसाठी माझ्याकडून पत्र टाइप करून घेतलं होतं. कॉम्प्युटरवर फायलींची नावं अर्धवटच दिसायची. ‘लेटर टू…’ अशा दोन होत्या. नको असलेली समजून मी सुभेदारांचीच कायमची पुसली. दुसऱ्या दिवशी सुभेदार पत्र न्यायला आले, तेव्हा मी रडकुंडीला येऊन खरं सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, “पुन्यांदा लिव, पोरी. काल सांगितलं, जागच्या जागी गेला. तसं न्हाई. तासभर माझ्या मांडीवर व्हता. आईला हाका मारत व्हता.” माझी बोटं थांबली. “लिव,” ते म्हणाले. मी लिहिलं. त्या माउलीला हे कळायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.